सातव्या वहीतला आकडा

१

चांदपाशांच्या दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी मात्र म्हाताऱ्याची नजर काट्यांवर नव्हती, फळीवर होती. सोळा वह्यांच्या रांगेत सहावी वही आठवीच्या खांद्यावर कलली होती. मधली सातवी नव्हती.

या वह्या विमानांच्या. सत्याऐंशी सालापासून दर साली एक. चांदपाशांचा हात लातूरच्या गंजगोलाईत घड्याळात, पण जीव आभाळात. सुटे भाग आणायला दिल्लीला गेले की पालमचं वायुसेनेचं संग्रहालय पाहिल्याशिवाय माघारी फिरायचे नाहीत. बंगळूरला हवाई मेळा भरला की सरावाच्या दिवशीच जाऊन थडकायचे. "मेळ्याच्या दिवशी माणसं दिसतात, सरावाच्या दिवशी विमान," हे त्यांचं म्हणणं. आणि जवळचं म्हणजे बिदर. तिथून नऊ लाल-पांढरी विमानं कसरतीच्या सरावाला उठली, की तळाच्या कुंपणापासून लांब तुरीच्या रानात बसून म्हातारा आणि त्याच्या नादाला लागलेली मंडळी माना मोडेस्तोवर वर बघायची.

म्हाताऱ्याचे नियम दोन. कॅमेरा न्यायचा नाही. आणि शेपटीवरचा आकडा ज्याला आधी नीट दिसला त्यानंच तो आपल्या हातानं वहीत लिहायचा. खाली तारीख, वेळ, नाव, गाव.

"रविवारी दुकानाची किल्ली कुणाकडं होती?" जिन्यावरून त्यांच्या बायकोनं, जन्नतबींनी, विचारलं. मग त्याच पुढं बोलल्या, "त्या धर्माबादच्या पोरीकडं. मी सांगितलं होतं, परक्याच्या लेकराला एवढं डोक्यावर घेऊ नका. फोन केला मी तिच्या बापाला."

"अगं, विचारायचं तरी मला!"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही वर बघितलं असतं."

धर्माबादहून बाप शुक्रवारी दुपारी येणार होता. पोरीला घेऊन जायला.

२

गुरम्मा निलंग्याकडची. क्लासच्या गल्लीमागं मुलींचं वसतिगृह होतं, तिथली ती रेक्टर. बेचाळीस मुली, बेचाळीस स्वभाव. कोण उपाशी झोपली, कुणाला घरची आठवण आली, हे तिला चपलांच्या आवाजावरून कळायचं. लातूरला तेव्हा दूरदूरच्या गावांतून पोरं शिकायला लोटत होती. भूकंपानं पाडलेल्या जिल्ह्यात मजल्यावर मजले चढत होते, आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी सूत्रं पाठ करत होतं.

ती खोलीत आली तेव्हा धर्माबादची मुबश्शिरा रडत नव्हती. पेटी भरत होती.

"काय करायलीस तंगी?" धाकट्या बहिणीला म्हणावं तसं गुरम्मानं विचारलं.

"आवरून ठेवते, अक्का. अब्बू आले की थांबत नाहीत."

"बारावीच्या परीक्षेला सहा आठवडे राहिलेत."

"परीक्षा धर्माबादला थोडीच देता येते?" पोरगी घडी घातलेली ओढणी पुन्हा उलगडत म्हणाली. "आणि एकदा चोरीचा बट्टा घेऊन गेले, की पुढं कॉलेजचं नावच नको. विमानाचं इंजिनिअरिंग तर सोडाच."

"वही तू घेतलीस?"

"न्हाई."

"मग बापाला काय भितीस?"

मुबश्शिरानं मान खाली घातली. "रविवारी एक्स्ट्रा लेक्चर असतं असं मी घरी सांगितलंय. बिदरला जाते, पाशाचाचांच्या वह्या उतरवते, यातलं कायच सांगितलं न्हाई. जुन्या वह्यांचा कागद कुजायला लागलाय, म्हणून नवी प्रत करतेय. सहा झाल्या. सातवी सुरू करणार होते. त्र्याण्णवची."

"हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच. रविवारी मी मोठ्यानं सांगितलं होतं, पुढच्या खेपेला त्र्याण्णव. तिघं होते. किशनमामा कंडक्टर, बालाजीदादा स्टुडिओवाले आणि आमचे फिजिक्सचे विरूपाक्ष सर. चाचा नमाजाला गेले होते. मी मागच्या नळावर चहाचे पेले विसळले, कुलूप लावलं आणि किल्ली वर जन्नतचाचींना दिली."

पेले विसळायला असा किती वेळ लागतो? पण वही उचलायला तेवढाही लागत नाही. गुरम्मानं पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर आपणच बसली.

"शुक्रवारपर्यंत ही उघडायची न्हाई."

३

किशन बस स्टँडवर नांदेडच्या गाडीजवळ सापडला. तोंडात पान, काखेत तिकिटांची पेटी.

"मी कशाला चोरू अक्का? माझं अक्षर मलाच वाचता येत न्हाई. म्हाताऱ्याच्या वह्यांत जिथं कोंबडीचे पाय दिसतील तिथं मी समजा."

"त्र्याण्णवच्या वहीत होतास?"

"न्हाई. मी पंच्याण्णवला आलो. मी, बालाजी, सर, एकाच साली आलो की. त्याआधी म्हातारा एकटाच मान वर करून हिंडायचा, लोकं येडा म्हणायची. आता चौघांना म्हणतात." त्यानं घंटी ओढली. "बालाजीला विचारा. त्या वहीवर त्याचा लई दिवसांचा डोळा हाय!"

बालाजीनं स्टुडिओत आधी तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करायला सांगितली, मग आठवलं की ती फोटोला आलेली नाही.

"डोळा होता, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "भूकंपाला यंदा दहा वर्षं होतात. प्रदर्शन भरवायचंय. मदतीला जी हेलिकॉप्टरं लातूरवरून गेली, ती सगळी म्हाताऱ्यानं गच्चीत उभं राहून टिपलीत. दिल्लीहून परतल्यावर दोन ऑक्टोबरपासून पुढं पानंच्या पानं."

"मग?"

"मग काय, दिवाळीतच मागितली अन् तेवढ्या पानांची झेरॉक्स काढली. ही बघा." त्यानं खणातून जाड गठ्ठा काढला. "वही चोरून मी काय त्याची पूजा घालू?"

गुरम्मा गठ्ठा चाळत राहिली. चांदपाशांचं बारीक, सरळ अक्षर. आकडे, वेळा, दिशा. एका दिवशी नुसतंच लिहिलं होतं: आज अकरा फेऱ्या, आज मोजवेना.

सगळ्यांनी वही म्हटल्याबरोबर भूकंपाची पानं धरली होती. पण ती पानं तर बालाजीच्या खणात उघडी पडली होती. जे उघडं आहे ते चोरून कोण लपवील? चोराला नको होतं ते भूकंपानंतरचं काही नव्हतं. ते आधीचं होतं.

४

"पाशाभाई, पान फाडता आलं असतं. अख्खी वही कशाला नेली?"

चांदपाशांनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "वह्या मी स्वतः शिवतो, अक्का. एक पान ओढलं की त्याचं जोडीचं पान पलीकडून निखळतं. माझ्या हाताला लगेच कळतं, अन् हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

"म्हणजे त्याला नडत असेल ते एकच पान."

म्हातारा थबकला. हातातलं घड्याळ त्यांनी उलटं ठेवलं.

"त्र्याण्णवला भूकंपाआधी कुठं कुठं गेला होतात? आठवतं?"

"आठवायला काय. जानेवारीत दिल्ली, बंगळूरला जाणं झालं नाही. आणि सप्टेंबरात पुन्हा दिल्ली. एकोणतीस तारीख, बुधवार. त्याच रात्रीनंतर पहाटे आपल्याकडं जमीन हलली, म्हणून तो दिवस विसरत नाही." ते थोडे हसले. "त्या दिवशी मी चूक केली होती. मागच्या भिंतीजवळ एक जुनं पंख्याचं विमान उभं होतं. मी आकडा वाचला चारशे पन्नास. तर एक पोरगा म्हणाला, काका, शून्य नाही, नऊ आहे, रंग उडालाय. जवळ जाऊन बघितलं तर खरंच चारशे एकोणसाठ! नियमानं मी वही त्याच्या हातात दिली. लिहिलं त्यानं. आपल्याकडचाच होता, मराठी बोलला म्हणून लई बरं वाटलं."

"नाव?"

"वहीत आहे की. डोक्यात नाही राहिलं. मी चेहरे विसरतो अक्का, आकडे विसरत नाही."

"त्या विमानाचा आकडा अजून कुणाला माहीत असेल?"

"कुणाला असणार? डिसेंबरात मी परत गेलो तर ते नव्यानं रंगवून त्याच्यावर दुसराच आकडा घातला होता. हे लोक माझ्यासोबत दिल्लीला आले ते नंतर."

गुरम्मा वसतिगृहात परतली ती वाटभर गुणगुणत. तिच्या आईनं भूकंपाच्या वर्षी जात्यावर घातलेली ओवी होती:

घर पडलं पडलं, जोतं राहिलं राहिलं,
माझ्या माहेराचं नाव, कुणी आभाळी लिहिलं.

मग तिनं मुबश्शिराला बसवलं आणि एक यादी लिहून घेतली. 'त्र्याण्णवच्या वहीतली विमानं, चाचांच्या आठवणीतून.' दहा आकडे. सप्टेंबरच्या ओळीत मुद्दाम चारशे पन्नास.

"अक्का, हे तर चुकीचं आहे," मुबश्शिरा कळवळून म्हणाली. नऊची गोष्ट गुरम्मानं तिला आधीच सांगितली होती, म्हणून शून्य लिहिताना तिनं पेन दोनदा उचललं.

"तुला जसं झालं ना आत्ता," गुरम्मा म्हणाली, "तसंच अजून कुणाला होतं का ते बघायचंय."

५

बुधवारी किशननं यादी पाहिली आणि सांगितलं की त्र्याण्णवचं त्याला काय विचारता, कालच्या गाडीचा नंबर विचारा. बालाजीनं दोनदा वाचली, खांदे उडवले. "या नंबरचं विमान मी पालमला कधी बघितलंच नाही."

गुरुवारी दुपारी ती क्लासच्या हॉलमध्ये गेली. सकाळची बॅच उठली होती. चारशे मुलांची बाकं रिकामी होती. दाराबाहेरच्या फलकावर सरांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की ढिगाऱ्यात अकरा तास गाडलेला मुलगा आज हजारोंना घडवतो आहे. दर नव्या बॅचचा पहिला तास याच गोष्टीनं सुरू व्हायचा. मुलं रडायची, मग अभ्यासाला लागायची.

विरूपाक्ष सरांनी तिला खुर्ची दिली. तिशी ओलांडलेला माणूस, कानाजवळ केस पांढरे.

"मुलगी गुणी आहे अक्का. वही चोरीला गेली म्हणूच नका, हरवली म्हणा. मी तिच्या वडिलांशी बोलतो."

"ते बोलालच. आधी एवढी यादी तपासून द्या. पाशाभाईंच्या आठवणीतून केली. नव्या वहीत जायची आहे."

सरांची बोटं ओळींवरून सरकत गेली. सप्टेंबरपाशी थांबली. पुढं गेली. पुन्हा मागं आली. गुरम्मा खिडकीबाहेर बघत होती. खिशातून पेन निघाल्याचा, टोपण उघडल्याचा आवाज तिनं ऐकला.

"एवढंच चुकलंय," सर म्हणाले. "शून्य नाही, नऊ आहे."

"होय?"

"नऊची शेपटी खवल्यासारखी सुटली होती. लांबून शून्यच वाटायचं. जवळ जाऊन..."

आणि माणूस बोलता बोलता थांबला. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

गुरम्मानं घाई केली नाही. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडांत तिनं माणसांसोबत अशा गप्प बसण्यात पुष्कळ दिवस काढले होते.

"त्या डिसेंबरात ते विमान रंगवलं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे तो नऊ बघायचा तर त्याआधी दिल्लीला जायला पाहिजे. तुम्ही पाशाभाईंकडं पंच्याण्णवला आलात. एखाद्यानं सातवी वही वाचली असेल तर त्याला आकडा कळेल. पण रंग कसा सुटला होता ते वहीत नसतं, विरूपाक्षा. ते डोळ्यांत असतं."

तिनं त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. त्यानं टेबलाचा खालचा खण ओढला. खाकी कव्हरातली वही तिथंच होती, रुमालात गुंडाळलेली.

"पुण्याला परीक्षा आहे असं घरी सांगून गेलो होतो," तो म्हणाला. "अव्वा म्हणाली, गणपती बुडवून तरी जा. मी थांबलो नाही. लहानपणापासून विमानांचं वेड होतं. त्या संग्रहालयात उभा राहिलो तेव्हा वाटलं, आपण कुणीतरी झालो. येताना रेल्वेत एकाच्या पेपरात आमच्या गावाचं नाव दिसलं. तेरणेकाठचं एवढंसं गाव, ते कधी पेपरात आलं नव्हतं. पोचलो तर गल्ली कुठली, घर कुठलं, काहीच ओळखू येईना. दोन दिवस हातानं दगड उपसत होतो. अंगावर माती, नखांत रक्त. वाचलेल्यांची यादी करणारा विचारत होता, हा कोण. कुणीतरी म्हणालं, यालाही बाहेर काढलाय."

"आणि तू?"

"हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. काय सांगायचं होतं? की आईबाप, बहीण दबत होते तेव्हा मी कुठल्या विमानाचा नंबर लिहून खूश होऊन झोपलो होतो? पुढं क्लासवाल्यांनी ती गोष्ट फलकावर चढवली. मग ती खाली उतरवायचा धीर कधी झालाच नाही."

"पाशाभाईंकडं कशाला आलास मग? तिथं तर तुझाच कागद होता."

"त्या दिवशी मला बघितलेला जगात तेवढाच एक माणूस उरला होता. ओळखलं नाही त्यांनी. बरंही वाटलं, वाईटही."

"जाळली का नाहीस?"

त्यानं वही उघडली, पण पान तिच्याकडं फिरवलं नाही. "वेळ घातलीय मी. दुपारी तीन चाळीस. या ओळीत मी अजून कुणाचा तरी मुलगा आहे, अक्का."

गुरम्माला वाटलं, वही घ्यावी आणि गपचूप फळीवर नेऊन ठेवावी. माणूस आधीच सोललेला आहे, त्याला अजून काय सोलायचं? पण मग लोक म्हणाले असते, पोरीनं घाबरून परत आणून ठेवली. एकाची जखम झाकायची तर दुसरीच्या कपाळावर डाग राहत होता.

"मी तुझं नाव घेणार न्हाई," ती उठत म्हणाली. "पण उद्या दुपारी पोरीचा बाप येतोय. तिची पेटी भरलेली आहे."

६

शुक्रवारी मुबश्शिराचे वडील आसिफ आले ते काखेत घडी केलेलं पोतं आणि सुतळीचा गुंडा घेऊन. धर्माबादच्या मिरचीच्या अडतीत हमाली करणारा, सडसडीत माणूस; कपड्यांत मिरची इतकी मुरलेली की दुकानात पाऊल टाकताच बालाजीला शिंका सुरू झाल्या. हसायला कुणी धजलं नाही.

"सामान कुठं हाय?" त्यांनी मुलीकडं न बघता विचारलं.

"बसा तरी भाईजान," चांदपाशा म्हणाले.

"बसायला न्हाई आलो. माझ्या घरात भाकर कमी पडली असंल, पण चोरी न्हाई शिरली कधी."

जन्नतबी जिन्यावर उभ्या होत्या. गुरम्मा दाराकडं बघत होती. साडेबाराचे ठोके वेगवेगळ्या घड्याळांनी वेगवेगळ्या वेळी दिले, आणि सगळ्यात मागाहून ठोका पडला तेव्हा दारात विरूपाक्ष सर उभे होते. हातात वही.

"चोरी मी केली," ते म्हणाले. मग काउंटरवर वही ठेवली, ते पान उघडलं, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दिल्ली, पुण्याची खोटी परीक्षा, पेपरातलं गावाचं नाव, यादी, फलक. काही गाळलं नाही. क्लासमध्ये ते हातवारे करून शिकवायचे. आज हात बाजूला लोंबत होते. "उद्या सकाळच्या बॅचलाही हेच सांगणार आहे. त्यानंतर फलक राहील की मी, ते मालकांनी ठरवावं."

चांदपाशांनी भिंग लावून पान बघितलं, मग माणसाकडं बघितलं. बराच वेळ. "तू होय रे तो?" एवढंच ते म्हणाले, आणि कुणासाठी कधी न केलेली गोष्ट केली: काउंटरच्या आतलं आपलं स्टूल बाहेर आणून त्याला दिलं.

जन्नतबी खाली आल्या. मुबश्शिरासमोर उभ्या राहिल्या. "माझी जीभ झडो पोरी," म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

आसिफ मात्र अजून तसेच ताठ. "चोरी न्हाई केली, चांगलं झालं. पण रविवारी क्लास असतो म्हणाली होती. क्लास न्हाई, बिदर! चार परक्या बाप्यांत माझी लेक रानात बसून विमानं बघती, हे मला आज दुसऱ्याच्या तोंडून कळतंय. खोटं ते खोटंच. बांध सामान."

किशननं तोंड उघडलं आणि गुरम्मानं डोळ्यानंच त्याला मिटायला लावलं. बोलले ते स्टुलावरचे सर.

"भाईजान, खोटं ते खोटंच. मीपण घरी खोटं सांगूनच विमानं बघायला गेलो. परत येऊन खरं सांगणार होतो. सांगायला घरच राहिलं नाही. दहा वर्षं ते खोटं तसंच अंगावर घेऊन फिरतोय." ते मुलीकडं वळले. "तुझे अब्बू समोर आहेत, मुबश्शिरा. सांग त्यांना. जे सांगायचं ते सगळं."

पोरीनं सांगितलं. आधी अडखळत, मग धबधब्यासारखं. कोणत्या रविवारी बिदर, कोणत्या रविवारी वह्या. नऊ विमानं एकमेकांपासून हातभर अंतरावर असल्यासारखी कशी वळतात. शिकून तिला काय करायचंय. आणि सांगितलं तर शिक्षण बंद होईल म्हणून कशी गप्प राहिली. मध्ये मध्ये ती 'अब्बू' म्हणायची आणि थांबायची. आसिफ ऐकत होते. काखेतलं पोतं त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं. घड्याळांकडं पाहिलं, पण त्या भिंतीवर वेळ कळायची सोय नव्हती.

"साडेतीनची नांदेड गाडी असती," ते अखेर म्हणाले.

"हाव," किशन म्हणाला. "आज माझीच हाय."

"एक जागा ठेव."

गुरम्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "किती?"

"एक." आसिफनी पहिल्यांदाच मुलीकडं सरळ बघितलं. "आमच्या गल्लीत किराणावाल्याकडं फोन हाय. तो बोलवून देतो मला. बिदरला निघायच्या आधी तिथं फोन करायचा. आधी. माघारी येऊन न्हाई."

मुबश्शिराला मान हलवतानाही रडू आवरेना.

जन्नतबींनी सगळ्यांसाठी चहा आणला. आसिफ उभ्यानंच प्याले, पेला स्वतः विसळून ठेवला. मग ते बस स्टँडकडं निघाले, पोत्याची घडी पुन्हा नीट आवळून, सुतळीचा गुंडा न सोडता. बोळाच्या तोंडाशी त्यांनी एकदा मान वर केली. वर काही नव्हतं. जानेवारीचं कोरडं, स्वच्छ आभाळ होतं. तरी ते जरा वेळ तसेच बघत उभे राहिले.